विन्याचा विनोबा

७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात एक वीस वर्षांचा मराठी मुलगा येऊन दाखल झाला. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी एक चाकू त्याच्याही हातात दिला आणि बोलणं सुरू केलं. मुलाचं नाव विनायक नरहर भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गाव कुलाबा जिल्ह्यातलं पेणजवळचं गागोदे, शिक्षण बडोद्यात इंटरपर्यंत. इंटरच्या परीक्षेला म्हणून तो मार्चमध्ये मुंबईच्या गाडीत बसला होता, पण सुरतेलाच उतरला आणि काशीला निघून गेला. त्याआधी शाळा-कॉलेजची सर्टिफिकिटं त्याने आईच्या चुलीत घातली होती. ‘विनायक’ हे नाव छापील अक्षरांत सांगणारे कागद असे आधीच राख झाले होते. लवकरच ते नावही मागे पडलं. आश्रमात आलेला विनायक त्याच वर्षी विनोबा झाला, आणि पुढे जगाने त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखलंच नाही.

‘विनोबा’ हे नाव मराठी माणसाच्या कानाला इतकं सरावाचं आहे, की ते एका माणसासाठी मुद्दाम घडलेलं नाव आहे हे चटकन लक्षात येत नाही. तुकोबा, ज्ञानोबा, विठोबा यांच्या पंगतीत ते बेमालूम बसतं. पण जुन्या संतमालिकेत विनोबा नावाचा कुणी नाही, आणि त्या नावाचं दैवतही नाही. मराठीतल्या जुन्या साच्यात विसाव्या शतकात ओतलेलं हे नाव, आणि ते ओतलं गेलं तेही गुजरातेत.

घरी आई त्याला ‘विन्या’ म्हणायची. गण्या, पश्या, बंड्या यांतला हा ‘या’ मोठा सोयीचा प्रत्यय. तो मायेने लावता येतो, रागाने लावता येतो, दोन्ही एकदम करता येतं. रुक्मिणीबाईंच्या तोंडी त्यात माया होती हे विनोबांच्या आठवणींतून दिसतं. आईबद्दल सांगताना तिच्या तोंडचं ‘विन्या’ त्यांनी शेवटपर्यंत जपलं. बाहेरच्या जगाने त्यांच्यापुढे आचार्य आणि संत जोडले, तरी स्वतःच्या गोष्टीत ते विन्याच राहिले.

‘विनोबा’ कुणी म्हटलं? बहुतेक ठिकाणी श्रेय गांधीजींना दिलेलं आढळतं. काही चरित्रांत ते मामा फडक्यांना दिलं आहे. मला दुसरी गोष्ट अधिक पटते. विठ्ठल लक्ष्मण फडके हे आश्रमातले जुने मराठी सहकारी, आणि एखाद्या नावाला ‘बा’ जोडण्याची उबळ मराठी जिभेलाच येणार. गांधीजींनी ते नाव उचललं, वापरलं आणि वजनदार केलं एवढं नक्की. विनायकाच्या वडिलांना त्यांनी त्याच वर्षी पत्र पाठवलं, त्यात मुलाचा उल्लेख ‘तुमचा विनोबा’ असाच होता. जे तेज आणि वैराग्य मिळवायला मला वर्षं लागली ते याने एवढ्या कोवळ्या वयात मिळवलं आहे, असा त्या पत्राचा आशय. नरहरपंतांना मुलगा कुठे आहे ते कळलं, आणि त्याचं नाव बदललंय हेही त्याच पत्रातून कळलं असणार.

हा सगळा गोतावळाच नात्याच्या नावांनी चालणारा होता. मामा फडके आणि काका कालेलकर हे दोघेही बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयातले शिक्षक. त्या शाळेत गुरुजींना घरातल्या माणसासारखं हाक मारायची पद्धत होती, त्यामुळे दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर काका झाले आणि फडके मामा झाले. शाळा बंद पडली, नाती तशीच राहिली. गांधीजी स्वतः बापू. अशा घरात नव्या मुलाला ‘मिस्टर भावे’ कोण म्हणणार? पण वीस वर्षांच्या पोराला काका-मामाही म्हणता येत नाही. मग राहतं काय, तर संतांच्या नावाला लावतात तो ‘बा’. यात थोडी थट्टाही असावी असं मला वाटतं. दाढीमिशा धड न फुटलेल्या, कमी बोलणाऱ्या, उपनिषदं म्हणणाऱ्या मुलाला मराठी माणूस कौतुकाने ‘काय विनोबा!’ म्हणेल, त्यात आदर किती आणि गंमत किती हे सांगणं अवघड. थट्टेतलं नाव चिकटतं ते माणूस त्याला पुरून उरला तर.

या ‘बा’ची घडण पाहण्यासारखी आहे. ‘बा’ म्हणजे बाप. नावाचा शेवटचा स्वर गळतो, तिथे ‘ओ’ येतो आणि पुढे ‘बा’ लागतो: तुका-तुकोबा, चोखा-चोखोबा, गोरा-गोरोबा, विठू-विठोबा. विनू-विनोबा त्याच वळणावर जातं. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकृष्ण हेही आश्रमात येऊन याच रीतीने बाळकोबा झाले. उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमामुळे पुढे ते महाराष्ट्राला ठाऊक झाले. सगळीकडे ‘ओ’ येतोच असं नाही, शिवबा आणि धोंडिबा त्याच्याशिवायच जमतात. माणसांच्या आधी हा ‘बा’ देवांना लागलेला दिसतो. खंडोबा, म्हसोबा, बिरोबा, जोतिबा ही सगळी शेतकऱ्या-धनगरांची, रानावनातली, नवसाला पावणारी दैवतं. शास्त्री-पंडितांच्या देवाला ‘बा’ लागत नाही. विष्णोबा म्हणून कुणी देव नाही, पण विठोबा आहे. बाप म्हणण्याइतका जवळचा, तरी पाया पडण्याइतका मोठा, असा देव किंवा माणूस या प्रत्ययाला लागतो.

आता गंमत अशी, की हे नाव जिथे घडलं त्या गुजरातीत ‘बा’ म्हणजे आई. कस्तुर या नावाला तोच जोडून कस्तुरबा झालं, आणि आश्रमात नुसतं ‘बा’ म्हटलं की त्याच. एकाच अंगणात, एकाच पंगतीला जेवणाऱ्या दोन माणसांच्या नावांत एकच अक्षर बसलेलं. एका नावात त्याचा अर्थ आई, दुसऱ्यात बाप. आश्रमातल्या गुजराती माणसाला ‘विनोबा’ हे नाव प्रथम ऐकताना काय वाटलं असेल कोण जाणे. पुढे ही दोन्ही नावं वर्धा जिल्ह्यात आली. सेवाग्रामच्या आश्रमात आजही बा-कुटी आहे, आणि तिथून थोड्याच अंतरावर पवनारला विनोबा राहत.

जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून वर्ध्याला आश्रमाची शाखा काढायचं ठरलं आणि तिची जबाबदारी घेऊन विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यात आले. वय पंचवीस. तेव्हापासून १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला देह ठेवेपर्यंत त्यांचा पत्ता हाच जिल्हा. मधली तुरुंगाची आणि पदयात्रेची वर्षं तेवढी वजा करायची. कोकणात जन्मलेलं, बडोद्यात वाढलेलं आणि अहमदाबादेत बारसं झालेलं हे नाव असं वऱ्हाड-नागपूरच्या मध्ये येऊन स्थिरावलं.

इथल्या बोलीत ‘बा’ काही परका नव्हता. ‘काय बा’, ‘हो बा’, ‘काऊन बा’, ‘थांब ना बा’ असं दर दोन वाक्यांआड इथे ऐकू येतं, आणि ‘माहा बा’ म्हणजे माझा बाप. पण नावामागे आदर जोडायचा तर या मुलखाला ‘बा’पेक्षा ‘जी’ जवळचा. नागपूरकर भोसल्यांची यादीच पाहा: रघुजी, जानोजी, मुधोजी, साबाजी. जिल्ह्यातले लोकसंतही ‘जी’चेच. सेलू तालुक्यातल्या घोराडचे केजाजी महाराज, आर्वी तालुक्यातल्या टाकरखेडचे लहानुजी महाराज, आणि आर्वीत जन्मून वर्धा नदीच्या काठी वरखेडला राहिलेले अडकोजी महाराज. लहानू, अडकू ही इथल्या जुन्या पिढीची अगदी साधी, शेतातली नावं. अजूनही इकडच्या सातबाऱ्यावर आणि मतदारयादीत वडिलांच्या नावापुढे ‘जी’ किंवा ‘राव’ हमखास सापडतो. मुलाचं नाव सुटसुटीत, बापाचं मात्र मानासकट.

या अडकोजींनी केलेलं एक बारसं विनोबांच्या बारशाला समांतर जातं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा वरखेडला त्यांच्याकडे राहायचा, भजनं म्हणायचा. भजनाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ कशाला, ‘तुकड्या म्हणे’ म्हण, असं गुरूंनी त्याला सुनावलं, अशी कथा सांगतात. माणिक म्हणजे रत्न, तुकड्या म्हणजे भाकरीचा तुकडा. गुरूने शिष्याचं नाव मुद्दाम खाली आणलं. मग लोकांनी ते पुन्हा वर नेलं आणि तुकड्याचे तुकडोजी झाले. तुकड्या-तुकडोजी, विन्या-विनोबा: सुरुवातीला तोच ‘या’, शेवटी एकीकडे ‘जी’ आणि दुसरीकडे ‘बा’. मोझरीच्या राष्ट्रसंतांनी भजनाच्या शेवटी स्वतःला कायम तुकड्यादास म्हणवलं, आदराचं रूप लोकांसाठी सोडलं. विनोबांनी स्वतःसाठी कोणतं नाव ठेवलं? उत्तरायुष्यात ते स्वतःबद्दल बोलताना ‘बाबा’ म्हणत. ‘मी’ म्हणण्याऐवजी तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं. पत्राखाली सहीच्या जागी ते ‘राम-हरि’ लिहीत, तिथे तर नाव पुरतंच गेलं. हिंदीभाषक मात्र त्यांना ‘विनोबाजी’ म्हणत राहिले. बापही झाला आणि जीही झाला, एका नावावर दोन मान!

ज्याचं नाव असं घडलं तो स्वतः नावं ठेवण्यात मोठा रसिक होता. १९३८ मध्ये तब्येत ढासळली म्हणून ते पवनारला जमनालालजींच्या बंगल्यात राहायला गेले. गावाजवळून धाम नदी वाहते. नदीपलीकडची जागा म्हणून त्यांनी तिला नाव दिलं परंधाम. संस्कृतात परमपदाचा अर्थ, आणि वर्ध्याच्या माणसासाठी नुसता पत्ता: धामच्या पलीकडे. त्याहून सुंदर बारसं त्यांनी आधीच केलं होतं. संस्कृत गीता कळत नाही, तूच का मराठीत आणत नाहीस, असं आई त्यांना म्हणाली होती. ती गेल्यावर बारा वर्षांनी, १९३०-३१ मध्ये, वर्ध्यात त्यांनी गीतेचा समश्लोकी अनुवाद पुरा केला आणि त्याला ‘गीताई’ म्हटलं. विठाई, रखुमाई यांत आहे ती आई गीतेला जोडली. स्वतःच्या नावात लोकांनी बाप घातला होता, याने पुस्तकाच्या नावात आई घातली. वर्ध्याला गोपुरीत हे सगळे अठरा अध्याय दगडांवर कोरून उघड्यावर उभे केलेलं गीताई मंदिर आहे. १९८० साली विनोबांच्याच हस्ते ते खुलं झालं. देवळात शिरायचं म्हणून लोक जातात आणि छप्पर नाही, मूर्ती नाही म्हणून क्षणभर गोंधळतात.

नावांच्या या जिल्ह्यात एक गाव पोस्टखात्यामुळे बदललं, तेही इथे सांगायला हवं. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला आले त्याचं नाव शेगाव. त्यांची टपाल बुलडाणा जिल्ह्यातल्या, गजानन महाराजांच्या प्रसिद्ध शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये हे शेगाव सेवाग्राम झालं. दोन शेगावांच्या टकरीत गजानन महाराजांचं शेगाव जिंकलं म्हणायला हरकत नाही.

माणसांच्या नावांतही तेच जिंकले. विदर्भात कुठल्याही गावात, कुठल्याही वर्गात, कुठल्याही कचेरीत एक तरी गजानन असतोच. १९१० साली समाधी घेतलेल्या या संताचं नाव घराघरांतल्या पाळण्यात गेलं. गजानन आणि विनायक ही एकाच गणपतीची नावं, म्हणजे दैवत दोघांचं एकच. मग विनोबांचं नाव पाळण्यात का गेलं नाही? प्रसिद्धीत काही कमी नव्हतं. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली, भूदान सुरू झालं आणि पुढची तेरा वर्षं हा माणूस देशभर पायी फिरला. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं, १९५८ मध्ये पहिल्याच वर्षीचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. तरीही वर्ध्यातल्या शाळेच्या हजेरीपटावर ‘विनोबा’ शोधायला गेलात तर हाती काही लागण्याची आशा कमीच.

मला याचं मुख्य कारण नावाच्या घडणीतच दिसतं. गजानन हे बाळाला ठेवता येण्यासारखं नाव आहे, त्याचं गजू होतं, गज्या होतं. ‘विनोबा’त मान आधीच भरलेला. आत्याने पाळण्याशी वाकून ‘विनोबा’ म्हणायचं, आणि दोन वर्षांनी आईने त्याच नावाने ‘विनोबा, ताट संपव’ म्हणून दटावायचं, हे जुळत नाही. आणि त्याचं घरगुती रूप करायला गेलं तर पुन्हा विनू, विन्या हाती येतं, म्हणजे आपण निघालो तिथेच परत. ज्या घराला विनोबांवरून नाव ठेवायचं होतं त्याने साहजिकच विनायक ठेवलं असणार, आणि विनायकांच्या गर्दीत विनोबांचा कोणता आणि गणपतीचा कोणता हे ओळखायची सोय नाही.

पण ‘बा’ची नावं बाळांना ठेवतच नाहीत असंही नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ज्ञानोबा, विठोबा, धोंडिबा, केरबा ही खरीखुरी, कागदोपत्री नावं आहेत. त्यातला केरबा तर आधीची मुलं जगली नाहीत म्हणून नव्याला केरात ठेवून, कुणाची दृष्ट पडू नये म्हणून ठेवलेला. ही नावं कष्टकरी घरांची, आणि देवाच्या आधाराने उभी. विनोबांमागे तसा देव नव्हता. आणि ज्या शिकलेल्या, खादीधारी घरांत त्यांच्याबद्दल भक्ती होती, तिथे भूदानाच्या काळापर्यंत बारशाची फॅशनच पालटली होती. अशोक, अरुण, प्रकाश, सुधीर, प्रमोद यांचे दिवस आले होते. त्यात विनोबांच्या अगदी शेजारच्या उच्चाराचं एक नाव तुफान चाललं, ते म्हणजे विनोद. शेवटचं एक अक्षर बदललं आणि काम झालं.

आणीबाणीला ‘अनुशासन पर्व’ म्हटल्यामुळे १९७५ नंतर विनोबांवर टीकेचा भडिमार झाला, ‘सरकारी संत’ म्हणून त्यांची टवाळी झाली. नाव न रुजण्याचं खापर त्यावर फोडण्याचा मोह होतो, पण काळ जुळत नाही. १९७५ पर्यंत ते नाव रुजायचं तर रुजून गेलं असतं.

दक्षिणेत मात्र या बाबतीत संकोच कमी. पुढाऱ्याचं आडनाव, टोपणनाव, काहीही तिथे सरळ मुलाचं पहिलं नाव होतं. बोस, गांधी, नेहरू ही तमिळ-तेलुगू मुलखात पहिली नावं म्हणून चालतात. तमिळनाडूचे एम. के. स्टॅलिन १ मार्च १९५३ चे. चारच दिवसांनी रशियाचा स्टॅलिन वारला आणि करुणानिधींनी मुलाचं नाव तेच ठेवलं. मूळच्या स्टॅलिनचं तरी ते जन्मनाव कुठे होतं? ‘पोलादी माणूस’ या अर्थाचं त्याने स्वतः घेतलेलं टोपणनाव. अशा मुलखात विनोबा नावाची माणसं आढळतात यात नवल नाही. तिथे ‘बा’मधला बाप कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे तो आडही येत नाही. मराठी कानाला तो ऐकू येतो, आणि बापाचं नाव पोराला ठेवायला आपण बिचकतो.

पाळण्यात न गेलेलं हे नाव पाट्यांवर मात्र भरपूर गेलं. हजारीबागचं विद्यापीठ विनोबांच्या नावाचं, दिल्लीच्या मेट्रोवर विनोबापुरी नावाचं स्टेशन, मुंबईत कुर्ल्याला विनोबा भावे नगर. १९८३ चं मरणोत्तर भारतरत्नही विनोबा भावे याच नावाने जाहीर झालं, चुलीत गेलेल्या सर्टिफिकिटांवरच्या नावाने नाही. वर्धा जिल्ह्यात तर दोन मोठी रुग्णालयं या दोन ‘बां’ची आहेत: सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. आसपासच्या जिल्ह्यांतून, तेलंगणाच्या सीमेवरून पेशंट तिथे येतात. पण पेशंटला कुठे नेलं असं विचारलं तर कुणी ‘कस्तुरबात’ किंवा ‘विनोबात’ म्हणत नाही. एक तर सेवाग्रामला नेलेलं असतं, नाही तर सावंगीला.